पारदर्शक असणं पुरेसं नाही : कॅमेऱ्याच्या भिंगाची काच

(बोर्डी येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली वळणे शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

मंडळी, विषय कॅमेऱ्याच्या भिंगाच्या काचेचा आहे आणि बोलणार आहे तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर. दोन-चार जणांच्या चेहऱ्यावर शंका आत्ताच दिसते आहे. असू द्या. आम्ही आयुष्यभर ‘ज्ञान म्हणजे काय’ हे शिकवलं. काचेच्या गोष्टीत त्याच प्रश्नाची एक अवघड बाजू सापडली, म्हणून इकडे वळलो. तरी आज तत्त्वज्ञान कमी आणि भट्टी जास्त, असा आमचा शब्द आहे.

सुरुवात कोल्हापूरपासून करू. आनंदराव आणि बाबूराव हे पेंटर बंधू. मूळ आडनाव मेस्त्री, धंदा नाटकांचे पडदे रंगवण्याचा. त्यांना सिनेमाचं वेड लागलं आणि आपण स्वतःच कॅमेरा करायचा असं त्यांनी ठरवलं. आनंदराव 1916 मध्ये गेले. बाबूरावांनी नाद सोडला नाही. विष्णुपंत दामल्यांच्या मदतीने 1918 च्या सुमारास त्यांनी चित्रीकरणाचा कॅमेरा उभा केला, आणि 1920 मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. आता नकाशावर जरा वर सरका. कोल्हापूरहून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर, कराडजवळ, औंध संस्थानच्या जागेत ओगले बंधूंनी 1916 मध्ये काचकारखाना काढला होता. तोच तो, पुढे ‘प्रभाकर’ कंदील करणारा. इथल्या पिकल्या केसांच्या मंडळींपैकी अनेकांनी त्याच कंदिलाच्या उजेडात पाढे पाठ केले असतील. त्याच्याही आधी, 1908 मध्ये, तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काचकारखाना सुरू झाला होता. अंताजीपंत काळ्यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा केला आणि लोकमान्यांनी त्या कामाला पाठिंबा दिला.

म्हणजे बघा, कोल्हापुरात कॅमेरा होतो आहे, ओगलेवाडीला आणि तळेगावला काच होते आहे. मग या दोघांची गाठ का पडली नाही? त्या कॅमेऱ्याच्या भिंगाची काच ओगलेवाडीची नव्हती, तळेगावचीही नव्हती. असूच शकत नव्हती, कारण भिंगाची काच तेव्हा हिंदुस्थानात कुठेच बनत नव्हती. त्यासाठी 1960 चा सुमार उजाडावा लागला. चाळीसहून जास्त वर्षं! पितळ, लाकूड, दातेरी चाकं हे सगळं कोल्हापूरच्या कारागिरांना जमलं आणि एक काच अडली. का अडली, हा आजचा विषय.

तुम्ही म्हणाल, स्वच्छ काच त्यांना जमत नसेल. ओगल्यांच्या कंदिलाची काच स्वच्छच होती. गडबड दुसरीकडे आहे. घरी गेल्यावर एक प्रयोग करा. काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घ्या. साखरेचा पाक स्वच्छ गाळून घ्या आणि त्याची हलकी धार पाण्यात सोडा. पाणी पारदर्शक, पाकही पारदर्शक. तरी पेल्यात नागमोडी लकेरी वळवळताना दिसतात आणि पलीकडचं अक्षर त्यांच्यातून तुटक दिसतं. दोन पारदर्शक वस्तू मिळून नजरेला अडथळा कसा झाला? तर पाकातून प्रकाश जितका वाकतो, तितका पाण्यातून वाकत नाही. प्रकाश किती वाकेल हे सांगणाऱ्या आकड्याला आमच्या शाळेत वक्रीभवनांक म्हणत. आता पुस्तकात अपवर्तनांक आला आहे. पाण्याचा अपवर्तनांक 1.33. भिंगाच्या एका नेहमीच्या काचेचा 1.517 च्या आसपास, शिसं घातलेल्या एका काचेचा 1.62. पेल्यातलं सरबत ढवळून ढवळून एकजीव केलं की लकेरी जातात.

भिंगाच्या काचेची सगळी कहाणी या ‘एकजीव’ शब्दात आहे. खिडकीच्या तावदानात लकेर असली तर रस्त्यावरचा माणूस जरा डुलताना दिसतो, बिघडत काही नाही. कंदिलाच्या काचेत तर लकेर कोणी बघतही नाही. तिथे काच ज्योतीच्या आचेने तडकू नये, हे महत्त्वाचं. भिंगात मात्र काचेचा प्रत्येक कण शेजारच्या कणासारखाच प्रकाश वाकवणारा लागतो. किती सारखा? उत्तम काचेच्या एका तुकड्यात अपवर्तनांकाचा फरक पाचव्या-सहाव्या दशांश स्थळापर्यंत चालतो, त्याहून जास्त नाही. पारदर्शकपणा डोळ्याला दिसतो, हा एकजिनसीपणा दिसत नाही. म्हणून माणसाला त्याची गरज कळायलाच फार उशीर झाला.

आमच्या शास्त्रांतही काच येते ती पारदर्शक म्हणूनच. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात एक आक्षेप आहे. डोळ्याचा किरण वस्तूला जाऊन भिडतो म्हणता, तर काचेच्या, अभ्रकाच्या, स्फटिकाच्या पलीकडची वस्तू कशी दिसते? त्यावर नैयायिक म्हणतात, काच किरणाला अडवतच नाही. वेदान्तात स्फटिकाजवळ जास्वंद ठेवतात आणि स्फटिक लाल भासतो. दोन्हीकडे काच-स्फटिक स्वतः काही करत नाही. ते मधले, तटस्थ. भिंग करणाऱ्याला हे परवडत नाही. त्याची काच मधली असली तरी तटस्थ नाही, तिला नेमून दिलेलं वाकवण्याचं काम आहे.

आता स्पिनोझा. सतराव्या शतकातला हा मोठा तत्त्वज्ञ भिंगं घासून पोट भरत असे, हे आम्ही वर्गात सांगायचो तेव्हा मुलं सरसावून बसत. तो 1677 मध्ये चव्वेचाळिसाव्या वर्षी छातीच्या दुखण्याने गेला. काचेच्या बारीक धुळीने ते दुखणं वाढलं असावं असं पुष्कळ जण मानतात. पण त्याच्या हाताखाली काच कसली होती, हे आम्ही तेव्हा कधी सांगत नसू. ती तावदानाच्या आणि आरशाच्या जातीची काच. त्यातला बऱ्यापैकी तुकडा शोधायचा, बुडबुडा कडेला राहील असं बघायचं आणि घासायचं. घासणाऱ्याचा हात कितीही बसलेला असो, काचेच्या पोटातली लकेर त्याला काढता येत नव्हती.

दुसरी अडचण रंगांची. एका भिंगातून जांभळा प्रकाश जास्त वाकतो, तांबडा कमी, त्यामुळे चित्राच्या कडेला रंगीत झालर येते. न्यूटनने हे असाध्य ठरवलं आणि दुर्बिणीत भिंगाऐवजी आरसा बसवून मोकळा झाला. पुढे लंडनच्या जॉन डॉलंडने 1758 मध्ये दोन निरनिराळ्या काचांची जोडी करून झालर मारण्याचं पेटंट घेतलं. एक साधी, तिला क्राउन म्हणतात, आणि दुसरी शिशाची, तिला फ्लिंट म्हणतात. पहिलीने पसरलेले रंग दुसरी गोळा करते. युक्ती चांगली, पण तिने काचेवरचं ओझं वाढवलं. शिशाची काच करताना वाळूत शेंदूर घालतात. शिशाचा खरा शेंदूर, मारुतीला लावायचा. तो जड. तो मुशीच्या तळाशी बसतो, वरची काच हलकी राहते, आणि मध्ये सगळ्या लकेरी. हाताच्या तळव्याएवढी निर्दोष फ्लिंटची चकती मिळणं म्हणजे नशिबाचा भाग झाला.

हे कोडं सोडवलं ते कुठल्या विद्यापीठातल्या माणसाने नाही. स्वित्झर्लंडच्या डोंगरात, ले ब्रेने नावाच्या गावी पिएर लुई गिनाँ नावाचा घड्याळांच्या पेट्या करणारा सुतार होता. दुर्बीण करायची हौस, आणि त्यासाठी बरी काच मिळेना. मग हा गृहस्थ स्वतःच भट्टी बांधून बसला आणि वर्षानुवर्षं काच वितळवत राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्याला उत्तर मिळालं : ढवळा. एवढंच. सरबत ढवळतात तसं काचेचं पाणी ढवळा.

हसू नका. उत्तर सोपं वाटतं, पण ढवळायचं कशाने? लोखंडाच्या सळईने ढवळलं तर लोखंड काचेत उतरतं आणि काच हिरवी होते. लाकूड जळून बुडबुडे सोडतं. गिनाँने ढवळणं केलं ते मुशीच्याच जातीच्या, आच सोसणाऱ्या भाजलेल्या मातीचं. ही दीडदांडीची अक्कल दोनशे वर्षं टिकली. त्याला बव्हेरियात बोलावून घेतलं. तिथे त्याच्या हाताखाली तरुण फ्राउनहोफर काच करायला शिकला. सूर्यप्रकाशाच्या पट्ट्यातल्या काळ्या रेषांना त्याचं नाव आहे. त्या रेषा शोधण्यामागे व्यवहार होता. काच किती वाकवते हे मोजायला रंगाच्या पट्ट्यात पक्क्या खुणा हव्या होत्या, तांबडा म्हणजे नेमका कुठला तांबडा? त्या खुणा 1814 मध्ये सापडल्या आणि काच पहिल्यांदा नीट मोजता येऊ लागली. गिनाँ मात्र त्याच वर्षी गावी परतला. त्याला पेन्शन मिळाली ती एका अटीवर : काच करायची नाही आणि कोणाला सांगायचीही नाही. मंडळी, न करण्यासाठी पेन्शन! तो पुन्हा भट्टीकडे वळलाच. मग त्याच्या मुलाकडून हे गुपित फ्रान्समध्ये गेलं, आणि तिथून 1848 मध्ये बाँताँ नावाच्या काचतज्ज्ञाबरोबर इंग्लंडला, बर्मिंगहॅमजवळच्या चान्स ब्रदर्सच्या कारखान्यात पोचलं. म्हणजे गुपित प्रवास करायचं ते माणसाच्या अंगावर बसून, पत्राने नाही.

मधल्या काळात फॅरडेसारख्या माणसाने रॉयल सोसायटीच्या सांगण्यावरून जवळजवळ पाच वर्षं या काचेवर घालवली. त्याने प्लॅटिनमच्या तबकात काच वितळवली आणि प्लॅटिनमच्याच दाताळ्याने ढवळली. काळाच्या शंभर वर्षं पुढे होता तो. भट्टी सांभाळायला त्याने अँडरसन नावाचा निवृत्त सार्जंट ठेवला. त्याला एकदा संध्याकाळी ‘आता घरी जा’ म्हणायचं राहून गेलं, तर हा रात्रभर भट्टीत कोळसा घालत बसला, असं सांगतात. फॅरडेच्या काचेने दुर्बिणींचा प्रश्न काही सुटला नाही. पण त्याच जड काचेच्या तुकड्यावर त्याने 1845 मध्ये चुंबकाचा प्रकाशावर परिणाम होतो हे दाखवलं.

कॅमेऱ्याचं खरं भाग्य उघडलं ते जर्मनीत, येना गावी. तिथे कार्ल झाइसचा सूक्ष्मदर्शकांचा कारखाना होता आणि एर्न्स्ट आबे हा त्याचा गणिती. आबेचं गणित त्याला सांगत होतं की अमुक गुणांची काच मिळाली तर भिंग सुधारेल. आणि तशी काच जगात नव्हती. त्या वेळच्या काचा एका सरळ रेषेत बसत. जास्त वाकवणारी काच रंगही जास्त पसरवणार, यात सुटका नाही. तावदानाच्या काचा करणाऱ्या घरातला ओटो शॉट 1879 मध्ये आबेला पत्र लिहितो आणि आपल्या नव्या काचेचा नमुना पाठवतो. पुढे दोघांनी मिळून बोरॉन, बेरियम, फॉस्फरस, हाताला येईल ते मूलद्रव्य काचेत घालून बघितलं. 1884 मध्ये येनाची काच-प्रयोगशाळा उभी राहिली. प्रशियाच्या सरकारने तिला अनुदान दिलं, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. बेरियमच्या काचेने ती सरळ रेषा मोडली : वाकवते जास्त, रंग पसरवते कमी. लगेच 1890 मध्ये झाइसकडच्या पाउल रुडोल्फने नव्या काचा वापरून असं भिंग केलं, की फोटोच्या मध्याबरोबर कोपरेही रेखीव यायला लागले. त्याचंच पुढचं टेसार हे भिंग 1902 चं. फाळके 1912 मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन आले तेव्हा जगाची परिस्थिती ही अशी होती.

आता भट्टीजवळ जाऊ. आम्ही जुनी मुशीची पद्धत सांगतो, कारण तिच्यात प्रत्येक गोष्ट डोळ्याला दिसते.

पहिली गोष्ट वाळू. ती जवळजवळ निव्वळ गारेची, म्हणजे सिलिकाची लागते. तावदानाच्या काचेकडे कडेने बघितलं की हिरवट दिसते ना? तो लोखंडाचा अंश. भिंगाच्या काचेत लोखंड दहा लाख भागांत पाच-दहा भागांच्या वर नको. मग जी काच हवी त्याप्रमाणे पोटॅश, टाकणखार किंवा बोरिक आम्ल, बेरियमचा क्षार, शेंदूर. शिवाय चिमूटभर सोमल. होय, विषाचा सोमलच. कशाला, ते सांगतो.

दुसरी गोष्ट मूस, आणि इथे अनेकांचे हात टेकले. मूस मातीची. आतलं काचेचं पाणी तिला खात असतं. खाल्लेली माती काचेत उतरली की तिच्याही लकेरी होतात. म्हणजे ज्या भांड्यात काच करायची तेच भांडं काच बिघडवतं. म्हणून माती शुद्ध हवी, तीत लोखंड कमी हवं, मूस महिनोन्‌महिने सावलीत सुकवायला हवी, मग काही दिवस हळूहळू तापवत न्यायला हवी. घाई केली की तडा. बोर्डीच्या बायकांना नवी चूल लिंपून लगेच पेटवायची नसते हे माहीत आहे. तोच न्याय, फक्त आच चौदाशे अंशांची.

मुशीत माल एकदम ओतत नाहीत, थोडा थोडा घालतात. वितळताना त्यातून वायू सुटतो आणि सगळी काच बारीक बुडबुड्यांनी भरते. काच मधासारखी दाट, बारीक बुडबुडा तीतून वर यायला युगं लागतील. म्हणून आच आणखी वाढवून काच पातळ करतात, आणि आता सोमल कामाला येतो. त्या आचेला तो प्राणवायू सोडतो, त्याचे मोठे बुडबुडे होतात आणि ते वर जाताना लहानांना पोटात घेऊन जातात.

मग ढवळणं. गुऱ्हाळात काहिलीशी उभा असलेला गुळव्या आठवा. रस कधी उतरवायचा हे तो घड्याळात बघत नाही, उलथन्यावरून पडणाऱ्या धारेत बघतो. काचेचंही तसंच. तास-तास ढवळायचं, आणि ढवळता ढवळता आच कमी करत यायचं. जोरात ढवळलं तर हवा आत ओढली जाते, शिवाय मुशीचा तळ खरवडला जातो. फार हळू ढवळलं तर लकेर राहते. काच दाट होत आली की एका क्षणी थांबायचं. थोडं आधी थांबलात तर गरम-गार प्रवाह पुन्हा लकेरी काढतात, उशीर केलात तर ढवळण्याचीच खूण काचेत गोठते.

यानंतर मूस बाहेर काढून तशीच थंड होऊ देत. आतला गोळा आपोआप तडकून त्याचे ढेकूळ-ढेकूळ तुकडे होत. मूस फोडायची आणि तुकडे निवडायचे. चांगला माल किती? चौथा-पाचवा हिस्सा. बाकी सगळा परत भट्टीत किंवा टाकाऊ. तुकड्याला दोन बाजूंनी झिलई करून समोर एकच बारीक दिवा आणि मागे पांढरा पडदा ठेवतात, की पोटातल्या लकेरीची सावली पडद्यावर उमटते. मघाच्या सरबताच्या पेल्यामागे फोनची बॅटरी धरून भिंतीवर बघा, तीच परीक्षा.

निवडलेला तुकडा पुन्हा मऊ करून साच्यात दाबतात आणि मग येतं ते काम जे बघायला कोणी जात नाही, कारण बघण्यासारखं काही घडतच नाही. अनुशीतन, कामगारांच्या भाषेत अॅनीलिंग. तुकडा पाच-साडेपाचशे अंशांवर नेऊन ठेवायचा आणि तिथून तासाला एक-दोन अंश अशा बेताने उतरवायचा. बाहेरची काच आधी आकसली आणि आतली मागून, तर काचेत ताण कोंडून राहतो. आणि नुसत्या ताणाचाही प्रश्न नाही. एकच काच भराभर थंड केली तर तिचा अपवर्तनांक थोडा कमी येतो, सावकाश केली तर थोडा जास्त. म्हणजे माल तोच, मूस तीच, ढवळणारा तोच, तरी थंड होण्याच्या वेगाने गुण बदलतो! तत्त्वज्ञानाच्या माणसाला हे फार आवडतं. पदार्थ कशाचा बनला एवढंच सांगून भागत नाही, तो कसा कसा निवत आला तेही सांगावं लागतं. अमेरिकेत पालोमारच्या दुर्बिणीसाठी दोनशे इंची चकती डिसेंबर 1934 मध्ये ओतली. ती आरशाची होती, भिंगाची नव्हे, पण मुद्दा तोच. तिला थंड करायला सुमारे दहा महिने लागले.

दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे मातीच्या मुशीची जागा प्लॅटिनमने घ्यायला सुरुवात केली. आता मोठ्या कारखान्यांत प्लॅटिनमच्या टाक्यांतून काचेची अखंड पट्टी बाहेर येते, ढवळणंही प्लॅटिनमचंच. सोमल आणि शिसं बहुतेक काचांतून हद्दपार झालं, लँथॅनमसारखी मूलद्रव्यं आली. कापणं, घासणं, सिरियमच्या भुकटीने झिलई देणं, परावर्तन कमी करायला वर बारीक थर चढवणं ही भिंगाची पुढची कामं. त्यावर वेगळं व्याख्यान होईल, आज नको.

तर आता कोल्हापूरचं कोडं. ओगल्यांना किंवा पैसा फंडाला हे जमलं नसतं, असं आम्हाला अजिबात वाटत नाही. त्यांनी काचधंदा शून्यातून उभा केला. पण हिशेब बघा. कंदील घरोघर खपतो. भिंगाची काच देशाला वर्षाला लागणार काही टन, तीही दहा-वीस जातींची, आणि पाचांतले चार भाग फेकायचे. हा कुठल्याही खासगी कारखान्याला परवडणारा धंदा नाही. त्याच्यामागे सरकार लागतं. येनाच्या मागे होतं. आणि जिथे नव्हतं तिथलं बघा. 1914 मध्ये युद्ध पेटलं तेव्हा साम्राज्याचा धनी ब्रिटन आपल्या भिंगाच्या काचेपैकी साधारण साठ टक्के जर्मनीतून आणि तीस टक्के फ्रान्समधून आणत होता. शत्रूशी लढायला लागणारी दुर्बिणीची काच शत्रूकडची! अमेरिका 1917 मध्ये युद्धात उतरली तेव्हा तिनेही डोक्याला हात लावला, आणि भट्टीवर कोणाला पाठवलं, तर वॉशिंग्टनच्या भूभौतिकी प्रयोगशाळेतल्या लोकांना, ज्यांचा विषय खडक कसे वितळतात हा होता. काच म्हणजे शेवटी मानवाने केलेला लाव्हाच. वर्षा-दीड वर्षात त्यांनी काम मार्गी लावलं. त्यांच्यापैकी फ्रेडरिक राइट यांचं या काचेवरचं जाडजूड पुस्तक 1921 मध्ये छापलंही गेलं.

इथे आमचा प्रश्न उभा राहतो. 1921 मध्ये पुस्तक आलं, गुपित संपलं. मग आपल्याकडे आणखी चाळीस वर्षं का? कारण पुस्तकात मूस नसते. आपल्या कुठल्या खाणीतली माती आच सोसते आणि लोखंड सोडत नाही, हे अमेरिकन पुस्तक सांगू शकत नाही. ते आपण मुशी फोडून फोडूनच शिकायचं. कलकत्त्याच्या जादवपूरला केंद्रीय काच व मृत्तिका संशोधन संस्था 1950 मध्ये रीतसर उघडली आणि डॉ. आत्माराम यांनी हे काम अंगावर घेतलं. भिंगाच्या काचेचं तंत्र परदेशातून सहज मिळण्यासारखं नव्हतं, कारण लष्कराच्या दुर्बिणी याच काचेच्या. संस्थेत पद्धत बसवली गेली आणि 1960-61 च्या सुमारास तिथेच काच निघू लागली. आत्माराम पुढे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक झाले. त्यांचं नाव आपल्या शाळांत किती मुलांना माहीत आहे? आम्हाला हे खटकतं. रॉकेट उडताना दिसतं, तिथे टाळ्या मिळतात. ढवळणाऱ्याला टाळ्या कोण देणार?

आम्ही ‘ज्ञान म्हणजे काय’ हा प्रश्न म्हणालो होतो, तो हा. लिहून ठेवता येतं तेवढंच ज्ञान, असं मानायची आम्हा पंडितांची जुनी खोड. गिनाँच्या हातात होतं ते काय होतं मग?

वेळ होत आला, दोन-तीन प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांतून प्रश्न : आपल्या किनाऱ्याच्या वाळूची काच होईल का?)

काच होईल, भिंग नाही. एक लोहचुंबक घ्या आणि खाली सुरूच्या झाडांपलीकडच्या सुक्या वाळूत फिरवून बघा. त्याला काळे कण चिकटतील. आपल्या मागचा सगळा डोंगर काळ्या पाषाणाचा, त्याचं लोखंड ओढ्यांबरोबर इथे आलेलं. शिवाय शिंपल्यांचा चुना. गडद हिरव्या बाटलीपर्यंत मजल जाईल. महाराष्ट्रात चांगली सिलिका वाळू हवी असेल तर सिंधुदुर्गात, कासार्डे-फोंडा भागात जायला हवं. तीही भिंगाच्या काचेसाठी धुऊन, शुद्ध करूनच घ्यावी लागेल.

(प्रश्न : मोबाइलच्या कॅमेऱ्यात हीच काच असते का?)

बहुतेक फोनमधली चिमुकली भिंगं साच्यात घातलेल्या प्लास्टिकची असतात, एकावर एक पाच-सात. इतक्या लहान जाडीत प्लास्टिकचे दोष सांभाळता येतात, आणि साच्यात हवा तो वेडावाकडा आकार देता येतो. मोठ्या कॅमेऱ्याच्या भिंगात आणि दुर्बिणीत काचच.

(प्रश्न : आमच्याकडे वडिलांचा जुना कॅमेरा आहे, भिंगावर जाळी आल्यासारखी दिसते. ती लकेर का?)

नाही, ती बुरशी. लकेर काचेच्या पोटात असते आणि जन्मापासून असते. बुरशी नंतर येते, आणि आपल्या खाऱ्या दमट हवेत हमखास येते. ती जे आम्ल सोडते त्याने वरचा थर आणि पुढे काचही कोरली जाते, मग पुसून उपयोग नाही. कॅमेरा चामड्याच्या पिशवीत घालून कपाटात कोंडू नका, चामडं ओल धरतं. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका, पावसाळ्यात महिन्यातून एकदा त्या तव्यावर मंद आचेवर कोरड्या करून घ्या. आणि भिंग अधूनमधून उजेडात काढा. जाळी कोवळी असेल तर दुरुस्तीवाला अजून काढून देईल. यंदाचा पाऊस सुरू व्हायच्या आत नेऊन दाखवा.